एक 'मी' आणि पाच जण

नाटिका पाच जणांत वाटता येते. पर्यावरणावरचा प्रकल्पही वाटता येतो. एकानं प्रस्तावना वाचायची, दोघांनी माहिती सांगायची आणि उरलेल्या दोघांनी तक्त्याचे कोपरे धरून उभं राहायचं. पण एकच माणूस आपली फजिती आपल्याच तोंडानं सांगतोय, अशी कथा पाच जणांत कशी वाटायची? 'मी' एक आणि तोंडं पाच. वर्गात मुलं भरपूर, मराठीच्या तासिका मोजक्या. सादरीकरणाला एकेकाला उभं केलं असतं तर दिवाळीपर्यंत अर्धा वर्गही झाला नसता, म्हणून गट. पेच आला तो त्यानंतर, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला तो पेचच सगळ्यांत कामाचा.

मी मध्य प्रदेशात मराठी शिकवतो. आधी सौसरला होतो, आता पांढुर्ण्याला. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाचे हे दोन मराठी तालुके त्याच्यासोबत राहिले. 2023 मध्ये या दोघांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. इथल्या सोयरिकी काटोल, नरखेड, वरुडकडे जुळतात, मोठा दवाखाना म्हणजे नागपूर, संत्र्याचा भावही नागपूरचाच विचारायचा, आणि शाळेचे कागद मात्र भोपाळहून येतात. मुलं घरी वऱ्हाडी-नागपुरी वळणाचं बोलतात, शाळेत हिंदी, मोबाइलवर जे समोर येईल ते. मराठी त्यांना तिसरी भाषा म्हणून असते. आईशी सकाळपासून जी भाषा बोलतो ती दुपारी 'तिसरी' कशी होते, हे मुलांना कळत नाही आणि मलाही सांगता येत नाही.

याचा परिणाम वाचनात दिसतो. घरी 'चूल' अगदी नीट म्हणणारा मुलगा पुस्तकात तोच शब्द आला की 'च्यूल' वाचतो, कारण देवनागरी त्यानं हिंदीतून शिकलेली. उभं राहून बोलायला सांगितलं की 'मी आपणांस सांगू इच्छितो की' अशी सुरुवात होते. मधल्या सुट्टीत हाच पोरगा भिंतीवर बसून कालच्या क्रिकेटची अशी गोष्ट सांगत असतो की चार जण खाली पडायच्या बेतात असतात. मला तो भिंतीवरचा पोरगा वर्गात हवा होता. विनोदी आत्मकथनपर लेखन निवडलं ते त्यासाठी.

पहिला गट पुलंच्या 'बिगरी ते मॅट्रिक'वर होता. 'हसवणूक'मधला हा लेख. शाळेत गेलेल्या कुणालाही आपला वाटावा असा. गटानं काम चोख वाटून घेतलं होतं: परिच्छेद मोजले, पाचाने भागले, चिठ्ठ्यांवर उतरवून आणले. एकाचं संपलं की दुसरा पुढं. प्रत्येक जण 'मी' म्हणत होता आणि कुणीच 'मी' वाटत नव्हता. वर्ग एकदाच हसला, एकाची चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यानं बाकाखाली गेली तेव्हा.

दुसऱ्या गटानं हे पाहून धडा घेतला आणि तोच लेख करून दाखवला. छडी आली, टोपी आली, कान पिळणारे मास्तर आले, कोंबडा झाला. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत जमली, इतका हशा. पण खाली बसल्यावर एका मुलीनं हळूच विचारलं, "सर, यात पुलं कुठं होते?" प्रश्न अगदी वर्मी होता. मार खाणारं पोर होतं, मारणारे मास्तर होते. ते सगळं कित्येक वर्षांनी आठवून मिश्कीलपणे सांगणारा माणूस मात्र गाळला गेला होता. छडी खाताना कुणालाच हसू येत नाही. हसू येतं ते तो मार आठवून सांगणाऱ्याच्या सुरामुळं. पुलंच्या वाक्यात मार खाणारा पोरगा आणि सांगणारा प्रौढ एकाच वेळी हजर असतात. सांगणारा काढून घेतला की उरतो तो मारच.

यावर फळ्यावर आकृत्या काढून मी बरंच काही समजावलं असतं, पण वाट दाखवली ती 'उपास'वाल्या गटानं. 'उपास' 'बटाट्याची चाळ'मधला, पुस्तक 1958 चं. वजन कमी करायचा निश्चय केलेला 'मी' आणि त्याला सल्ले देणारी अख्खी चाळ. या गटातल्या एका मुलाच्या घरात खडी गंमत करणारी माणसं होती. आमच्याकडं अजून गावोगाव ती होते: ढोलकी, डफ, उभ्यानं गाणारा शाहीर आणि त्याला मधेच अडवून उलटे प्रश्न विचारणारा सोंगाड्या. त्यानं सरळ तोच साचा उचलला. स्वतः उजव्या बाजूला उभा राहिला, हाताची घडी घालून. डावीकडं जमिनीवर एक मित्र ताट घेऊन बसला. बाकीचे तिघं सल्लागार.

पुस्तकातलं एकही वाक्य त्यांनी पाठ केलं नव्हतं. चाळ पांढुर्ण्याला आली होती. पहिला सल्लागार म्हणाला, साखर सोड. दुसरा म्हणाला, भात सोड, पण शेंगदाणे खात जा, उपासाचे असतात. तिसरा म्हणाला, "संत्रं खा नं बे! संत्र्यात काय असते? पाणीच त असते!" ताटवाल्यानं खिशातून एक संत्रं काढलं. मग दुसरं. मग दप्तरातून पिशवी. तो सोलत होता, खात होता, सालींचा ढीग वाढत होता. उजवीकडं उभ्या पोरानं त्याच्याकडं पाहिलं, वर्गाकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "तवा मले हे पटलं होतं."

वर्ग फुटला. संत्र्यांना नाही, सालींना नाही. त्या एका सरळ वाक्याला. माझ्या आठवणीत या वर्गातली ही पहिली वेळ, की मुलं कुणाच्या पडण्या-धडपडण्यावर न हसता सांगण्यावर हसली.

त्यानंतर मी तो नियमच केला. आत्मकथनपर विनोदी लेखन असेल तर गटात दोन 'मी' हवेत: तेव्हाचा आणि आताचा. तेव्हाच्या 'मी'नं गंभीर राहायचं. आपण काही मूर्खपणा करतोय याची त्याला गंधवार्ता नसावी. आताच्या 'मी'नं त्याला हसायचं नाही, त्याला फक्त ओळखायचं. बाकीचे तिघं म्हणजे जग. सादरीकरणाच्या आधी प्रत्येक गटानं वहीत एकच ओळ लिहून आणायची: आताच्या 'मी'ला असं काय माहीत आहे, जे तेव्हाच्या 'मी'ला माहीत नव्हतं? ही ओळ जमली की अर्धं काम झालं. ती जमत नसेल तर गटानं कथा वाचलेली नाही असं खुशाल समजावं. पाठ्यपुस्तकातल्या 'लेखकाच्या विनोदाची वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नाचं उत्तर मुलं गाइडमधून उतरवतात. या ओळीचं उत्तर कुठल्याच गाइडात नसतं.

या नियमाची चाळणी लावली तेव्हा आवडते लेखही खाली पडले. 'म्हैस' सगळ्यांना करायची होती. एसटी, म्हैस, जमलेला गाव, प्रत्येकाला भूमिका. पण वहीतली ओळ काही लिहिता येईना. तिथला 'मी' गाडीत बसून इतरांची गंमत पाहणारा आहे, त्याची स्वतःची फजिती त्यात मध्यभागी नाही. एक मुलगा वैतागून म्हणाला, "सर, याच्यात 'मी'चं काहीच बिघडत नाही!" हे वाक्य एखाद्या समीक्षकानं लिहिलं असतं तर आम्ही ते अधोरेखित केलं असतं. 'मी आणि माझा शत्रुपक्ष' मात्र फिट्ट बसला. त्यातला 'मी' दुसऱ्यांचे अल्बम आणि दुसऱ्यांची अर्धवट बांधलेली घरं मुकाट पाहतो.

चिमणरावांनी वेगळाच घोळ घातला. दूरदर्शनवरच्या मालिकेमुळं या मुलांचे आजी-आजोबा चिमणराव आणि गुंड्याभाऊंना ओळखतात, मुलं नाही. चि. वि. जोशींच्या गोष्टी 'मी'नंच सांगितलेल्या, पण तो 'मी' चि. वि. नाहीत, चिमणराव आहेत. हे सांगितल्यावर वर्गात चक्क नाराजी पसरली. "म्हणजे हे झालंच नाही?" चि. वि. पाली भाषेचे प्राध्यापक होते, बडोद्याला शिकवत होते आणि पुण्यातल्या भोळसट कारकुनाचा 'मी' लिहीत होते, हे ऐकल्यावर एकाला फसवल्यासारखं वाटलं. दुसऱ्याला भलताच आनंद झाला: "म्हणजे ते बी महाराष्ट्राबाहेरचेच!" बडोदा आणि पांढुर्णा एका रांगेत बसवून तो खूश होता. मी रांग मोडली नाही. गोष्ट किती खरी असावी यावर त्या दिवशी घंटा होईपर्यंत भांडण चाललं. एका मुलीचं म्हणणं असं, की घटना खोटी चालेल पण फजिती खरी पाहिजे. मला ते पटलं.

मुलींच्या एका गटाला मी 'स्मृतिचित्रे' दिलं. विनोदी म्हणून हे पुस्तक कुणी शिकवत नाही; कष्ट, धर्मांतर, ताटातूट अशी त्याची ओळख करून दिली जाते. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागानं आलं, 1936 मध्ये त्या गेल्या. नागपूर आणि राजनांदगाव ही आमच्या ओळखीची गावं त्यात आहेत. माझ्या मते मराठीत स्वतःकडं पाहून इतकं निर्मळ हसणं त्यांच्याइतकं कुणाला साधलेलं नाही, आणि ते हसणं ज्या जागी येतं तिथं दुसरा कुणी रडला असता.

मुलींनी वडिलांच्या सोवळ्याचा भाग घेतला. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट धुतल्याशिवाय घरात न घेणारे ते वडील. मला वाटलं होतं, हे सोवळंओवळं या मुलींना समजावून सांगावं लागेल. तेवढ्यात एक जण म्हणाली, "आमच्या घरी कोरोनात बाबा दुधाची पिशवी साबणानं धूत होते. नोटा इस्त्री करत होते." मग काय, प्रत्येकीच्या घरचं निघालं. सादरीकरणात तेव्हाची लक्ष्मी पाण्याची बादली घेऊन उभी आणि आताची लक्ष्मीबाई खुर्चीवर. तालमीत खुर्चीवरची मुलगी रागानं बोलत होती. बादलीवालीनं तिला तिथंच थांबवलं.

"तू चिडून काहून सांगतेस?"

"मग ते चिडल्या नसतील काय?"

"चिडल्या असतील. पण सांगताना नाही चिडल्या."

मी मागच्या बाकावर बसून हे ऐकत होतो. शिकवायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

हसणं आणि हिणवणं यांतला फरक मात्र इतक्या सहज हाती लागला नाही. मुलांनी कुठून तरी पुलंचं मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर हे ऐकून आणलं. ते सगळ्यांना तोंडपाठ. त्यावर एकानं विचारलं, "यात आपण कुठं हाओ?" कुठंच नाही, नागपूरकरांच्याही पलीकडं. मग 'पांढुर्णेकर' लिहायची टूम निघाली. पहिल्या मसुद्यात काय, तर सौसरवाले कंजूस, नदीपलीकडचे सावरगाववाले भांडखोर, खेड्यावरचे असे बोलतात आणि तसे चालतात. मोबाइलवरच्या विनोदात हेच असतं. तिथं वऱ्हाडी बोलणारा माणूस तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला तयार असतात. आमची मुलं तेच पाहून वाढतात आणि मग स्वतःच्याच आजीच्या बोलण्याची नक्कल करून टाळ्या घेतात. मी तो मसुदा फाडला नाही, फक्त नियमाला लावला: यात तुमचा आताचा 'मी' कोणता? तुम्ही यात कुठं चुकलात? गटातलं कुणीच यात चुकलेलं नव्हतं. मसुदा आपोआप बाजूला पडला.

सौसरला असताना एका मुलीनं सांगितलेली गोष्ट मी अजून नमुना म्हणून वापरतो. पुण्याहून आतेबहीण आली. हिनं ठरवलं, आज शुद्ध बोलायचं. बाग दाखवायला नेलं. आंबिया बहार, मृग बहार सगळं घोटून ठेवलेलं. पण प्रत्येक वाक्याआधी मनात पुस्तक उघडावं लागत असल्यानं ती इतकी सावकाश बोलत होती, की आतेबहिणीनं घरी येऊन मामीला विचारलं, हिची तब्येत बरी नाही का? घरच्यांनी तिला काढा पाजला. तिनं तो प्यायला, कारण 'मी शुद्ध बोलत होते' हे सांगण्यापेक्षा काढा सोपा होता. तिच्या गटानं हे केलं तेव्हा काढ्याचा पेला हातात धरून आताची 'मी' म्हणाली, "तेव्हापासून मले बरं वाटते." यात पुण्याची आतेबहीण हास्यास्पद होत नाही. ती बिचारी काळजीच करत असते.

पांढुर्ण्यात स्वतःच्या गोष्टी सांगायच्या म्हटलं की गोटमार येणारच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दगड सुरू. डोकी फुटतात, माणसं मेली आहेत. प्रशासनानं रबरी चेंडूही देऊन पाहिले. ते कुणी मनावर घेतलं नाही. या विषयावर विनोद करू द्यावा का, हा प्रश्न मला खरोखर पडला होता. वर्गात दोन्ही काठांची मुलं बसतात.

एका मुलाची गोष्ट अशी: आईनं घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलेलं. हा लाकडी बैल बगलेत मारून तान्ह्या पोळ्याला जातो म्हणून निघाला आणि नदीवर गेला. आपण शूर आहोत अशी त्याची समजूत. पहिला दगड पाण्यात पडल्याचा आवाज ऐकला आणि तो जो पळाला तो एक चप्पल आणि बैल तिथंच टाकून. घरी आल्यावर आईनं पायांकडं पाहिलं. तो म्हणाला, बैलानं चप्पल खाल्ली. लाकडाच्या बैलानं.

तालमीत सगळे हसत होते. प्रत्यक्ष सादरीकरणाच्या आदल्या दिवशी त्याच गटातल्या मुलीनं मला येऊन सांगितलं, की तिच्या नात्यातल्या एकाचा डोळा गोटमारीत गेला आहे आणि तिला यात उभं राहायचं नाही. मी तिला गट बदलून देऊ केला. तिनं तो घेतला नाही. पाचही जण सुट्टीत बसले आणि त्यांनी वहीतली ती ओळ पुन्हा लिहिली. आधी होतं: आताच्या 'मी'ला माहीत आहे की तो भित्रा होता. आता लिहिलं: आताच्या 'मी'ला माहीत आहे की तो पळाला ते बरं केलं. गोष्ट तीच, चप्पल तीच, बैलही तोच. पण आताचा 'मी' ती मुलगी झाली होती. मुलगा पळत होता आणि ही त्याची प्रौढ 'मी' बनून सांगत होती, पहिल्या दगडाला पळाल्याबद्दल मी त्याचं कौतुक करते, दुसऱ्याला थांबला असता तर ही गोष्ट सांगायला कदाचित मीच नसते. वर्ग हसला, थोडा थांबला, आणि लाकडी बैलानं चप्पल खाल्ल्यावर पुन्हा हसला. सावरगावकडच्या मुलांनीही. विनोद कुठवर जाऊ शकतो हे मी त्या दिवशी कुणाला समजावलं नाही.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि परीक्षेत याला जागा नाही. आम्हा शिक्षकांतले काही जण याला पोरखेळ म्हणतात. वाचनाचे गुण यानं वाढले का, असं विचारतात. लेखी परीक्षेत फार मोठा फरक पडल्याचा दावा मी करत नाही. निबंधात मात्र पडला. 'माझी अविस्मरणीय सहल' या निबंधात दर वर्षी सूर्य सोनेरी किरणं घेऊन उगवायचा. आता सूर्य उगवतोच असं नाही. बस जामसावळीला थांबते, सगळे निजलेल्या हनुमानाचं दर्शन घेतात, आणि लेखक रांगेत चुकीच्या माणसाचा हात धरून प्रसादापर्यंत पोहोचतो. 'च्यूल' अजून येते अधूनमधून. येऊ दे.

अडचण उरली आहे ती गुणांची. तेव्हाचा 'मी' पडतो, धडपडतो, संत्री खातो, घाम गाळतो. आताचा 'मी' हाताची घडी घालून चार वाक्यं बोलतो आणि टाळ्या त्याला. मी गुण त्या चार वाक्यांना जास्त देतो, कारण ती लिहायला सगळ्यांत कठीण. यावर संत्रीवाल्या मुलानं रीतसर तक्रार केली: "सर, पिशवीभर संत्री मी खाल्ली, पोट माझं दुखलं, आन् नंबर त्याले?" मी म्हटलं, ही गोष्ट लिहून आण. तो म्हणाला, लिहितो, पण त्यात आताचा 'मी' मीच राहीन.